गिरजाचा लाल दोरा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लुगड्याची घडी.

नऊवारी लुगडं मागावरून उतरवलं की त्याची घडी एकट्याच्यानं होत नाही. एकानं पदराची दोन टोकं धरायची, दुसऱ्यानं दुसरी. ताणायचं, झटकायचं, मग चालत चालत एकमेकाजवळ यायचं आणि आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची. परत मागं सरायचं. आमची खोली लहान, म्हणून हे काम अंगणात व्हायचं. त्या दिवशी गिरजा कडुनिंबाकडे होती, मी दाराकडे. दुसऱ्यांदा जवळ आली तेव्हा टोकं द्यायच्या आधी तिनं तोंड फिरवलं आणि आपल्याच खांद्यावर खोकली. लुगड्यावर नाही.

"काय झालं वं?"

"काई नाई. सकाळपासून घसा खवखवून राहिला. धरा नीट, काठ जमिनीले लागते."

काठ जमिनीला लागला नाही. घडी झाली. संध्याकाळी तिला ताप भरला आणि सहाव्या दिवशी ती गेली.

गिरजा माझी बायको. या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी चौथीपर्यंत शिकलेला कोष्टी माणूस, मला नटवून लिहिता येत नाही. जशी होती तशी सांगतो.

तिच्याजवळ एकच मोठी गोष्ट होती, नजर. मी करवती काठाची लुगडी विणायचो. करवत म्हणजे करवतच, काठाला सुताराच्या करवतीसारखे दात असतात. एका दाताला आडवे दोरे किती घालायचे ते ठरलेलं असतं. दोन दोरे कमी पडले की दात आखूड, दोन जास्त झाले की लांब. मला विणताना ते कळायचं नाही, पाय चालत असतात, हात चालत असतात, मन कुठं तरी असतं. गिरजा सकाळी आंघोळ करून, ड्यूटीवर जायच्या आधी, मागाच्या कडेला बसायची आणि मी आदल्या दिवशी विणलेल्या काठावरून बोट फिरवत जायची. सगळे दात बरोबर असले तर जिथं पाहणं संपलं तिथं किनारीला एक लाल दोरा बांधायची. एवढासा, नखाएवढा. म्हणजे इथपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढून सुरुवात.

चूक दिसली तर दोनच शब्द बोलायची. "हे उसवा."

मी चिडायचो. "कोन पायते वं एवढं? नेसनारी पायते का?"

"मी पायते."

शिव्या देत उसवायचो. लुगडं पुरं झालं की ती सगळे लाल दोरे काढून घ्यायची आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची. तो डबा पेटीत असायचा. त्यात दुसरं काही नव्हतं, दोरे आणि एक दवाखान्याचं कार्ड. कार्डाचं पुढं येईलच.

ड्यूटी म्हणजे मोठ्या दवाखान्यातली. हातमागाला वाईट दिवस आले तेव्हा आमच्या गल्लीतले लोक निघाले, कोणी गिरणीत गेला, कोणी कळमन्याच्या बाजारात पोती उचलायला. मी मागच धरून बसलो आणि गिरजा लॅबोरेटरीत बाटल्या धुवायला लागली. तिथं अंडी असायची. खायची नाहीत. ज्याला फ्लू झाला त्याच्या घशातलं कापसाच्या काडीवर घ्यायचं आणि अंड्यात टोचायचं, म्हणजे आतल्या पिल्लाच्या जिवावर तो रोग वाढतो. पण त्यासाठी अंडं जिवंत पाहिजे. अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढं अंडं धरून पाहायचं. जिवंत असलं तर आत लाल बारीक शिरा दिसतात. मेलं असलं तर शिरा विरून जातात. एकदा डॉक्टरसाहेबांनी बाजूला काढलेली अंडी धुवायला-टाकायला गिरजाजवळ दिली. तिनं त्यातली दोन परत नेऊन टेबलावर ठेवली.

"ही का आणली?" साहेबांनी विचारलं.

"जित्ती हायेत."

साहेबांनी परत दिव्यापुढं धरली. जिवंत होती. दुसऱ्या दिवसापासून बाटल्या धुणं सुटलं आणि अंडी पाहायचं काम तिच्याकडे आलं. घरी येऊन हे तिनं मला सांगितलं ते भाकरी थापता थापता, मागं न पाहता. आनंद झाला की ती समोर पाहत नसे.

गल्लीला हे पटत नव्हतं. शेजारची सखुबाई, आमच्याहून दहा वर्षांनी मोठी, नळावर सगळ्यांसमोर बोलायची.

"गिरजे, अंड्यात रोग घालून काय करते वं तुमी? लोनचं?"

"पोसतो मावशी. पोसल्याबिगर त्याचं तोंड दिसत नाई."

"अन् थो तुह्या लुगड्याले चिकटून गल्लीत आला म्हंजे?"

"म्हून त मी तिथंच लुगडं बदलते, हात धुते, घरी येऊन परत आंघोळ करते. तुमी पापड लाटाच्या आधी हात धुता का? मी पायलं हाय तुमाले."

नळावर हशा व्हायचा. पण हळदीकुंकवाचं बोलावणं कमी झालं ते झालंच. कार्बोलिक साबणानं तिच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती, सुरकुतली होती. त्या बोटांनी ती काठ पाहायची.

पहिली सुई तिला ती जायच्या आदल्या वर्षी मिळाली. लॅबोरेटरीतल्या सगळ्यांना फ्लूची लस दिली. हात सुजला, एक दिवस अंग कणकणलं. मी तिला कढी करून दिली, मीठ जास्त झालं होतं तरी प्याली. कार्डावर शिक्का मारून मिळाला, ते कार्ड डब्यात गेलं. माझ्या मनात आलं, चला, ही भानगड संपली. आमच्या दोघांच्या दंडावर लहानपणीचे देवीच्या टीक्याचे वण होते. एकदा टोचलं, देवी घाबरून गेली, जन्माचं काम झालं. सुई म्हणजे एवढंच मला माहीत होतं.

आता माझा एक पराक्रम सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

इतवारीतल्या एका शेठकडे माझा माल जायचा. एकदा मी कच्च्या रंगाचं सूत वापरलं, लुगडी धुतल्यावर रंग फुटला. शेठ भडकला. त्यानं मुनीमाला सांगून ठेवलं, ह्या बारीक करवतीचा माल दिसला की दारातून परत. घरात तर त्याच रंगाचं सूत पडलेलं होतं. मी काय केलं, दर दाताला दोन दोरे वाढवले. करवत थोडी मोठी दिसायला लागली. माल स्वतः नेला नाही, सखुबाईच्या नवऱ्याच्या हातून पाठवला. मुनीमानं घडी उलगडली, काठ पाहिला, ही ती करवत नव्हे म्हणाला आणि माल आत घेतला. सूत तेच, रंग तोच, विणणारा मीच. हे मी गल्लीत कितीदा सांगितलं असेल! प्रत्येक वेळी पोट धरून हसायचो. गिरजा हसायची नाही. "ज्या बाईनं थे लुगडं नेसलं, तिच्या अंगाले रंग लागला असंन," एवढंच म्हणाली होती.

पहिल्या सुईच्या पुढच्या हिवाळ्यात परदेशातून नवा फ्लू आल्याचं पेपरात आलं. गल्लीत खोकले वाढले. मला त्याचं काही नव्हतं. लगनसराई तोंडावर, शेठला माल पाहिजे होता आणि मागावरचा ताणा संपला होता. ताणा संपला की जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक उभा दोरा पिळून सांधावा लागतो. शेकड्यांनी दोरे. एक जण दोरा काढून देतो, दुसरा पिळतो. गिरजाची पीळ कधी सुटायची नाही. आम्ही पहाटेच बसलो. निम्मे दोरे झाले असतील, तर ती उठली.

"मी जाऊन येते. आज साहेब सुया देनार हायेत. नवीन लस आली, थोडीच आली. बाटली उघडली की ठेवता येत नाई, आजच्या आज संपवते."

"कायची सुई? तू त घेतली ना मागच्या वर्षी?"

"थे जुनी. ह्या साली फ्लू बदलला."

"बदलला म्हंजे काय, लुगडं बदललं का त्यानं?" मी म्हणालो. "देवीचा टीका एकदाच घेतला ना? माही देवी काई बदलली नाई."

ती परत खाली बसली. मला वाटलं ऐकलं. पण ती समजवायला बसली होती. तिनं सांधलेल्या दोऱ्यावर हात ठेवला.

"तुमच्या त्या मुनीमाले शेठनं कोनता काठ दाखवला होता?"

"बारीक करवत."

"मंग तुमी काय केलं?"

"दोन दोरे वाढवले." मी हसायला लागलो.

"हासू नोका. हा फ्लू तेच करते. मागच्या वर्षीच्या सुईनं माह्या अंगातल्या मुनीमाले जुना काठ दाखवला. हा काठ दिसला की दारातून परत. आता हा दात बदलून आला. माल तोच, विष तेच, पन मुनीम त जुनाच काठ धुंडत बसला हाय. थो याले आत घेईन. म्हून दर साली त्याले नवीन काठ दाखवा लागते."

"अन् देवी?"

"देवी आपला काठ बदलत नाई. म्हून तिचा टीका पुरते. याचे एखाददोन दोरे दर साली इकडचे तिकडं होते. अन् कधी कधी अख्खा काठच नवा लावून येते. औंदा तसं झालं, साहेब म्हनते. म्हून त आमी घशातलं घेऊन अंड्यात पोसतो. पोसलं की बरफात घालून मोठ्या लॅबोट्रीत पाठवते. तिथं पायते कोनता काठ चालू हाय. मंग त्या काठाची लस बनवते, तीही अंड्यातच. तिले महिने लागते. तोपर्यंत हा परत नवीन दोरा घालाले बसलाच असते."

"म्हंजे मी फ्लू झालो म्हना!"

"तुमी त्याहून वाईट. थो निदान हासत नाई."

मला सगळं समजलं होतं. न समजून मी चुकलो असतो तर आज बरं वाटलं असतं. दात बदलून मुनीमाला फसवणारा मी, मला समजणार नाही तर कोणाला समजेल? पण समोर अर्धा सांधलेला ताणा होता.

"आता उठशीन त दोरे गुंततीन," मी म्हणालो. "एक दिवस नागा कर. उद्या घे सुई. तुले काई होत नाई, तू घोड्यासारखी हायेस."

तिनं ताण्याकडे पाहिलं. अर्धा सोडलेला ताणा खरंच गुंततो, ते तिलाही माहीत होतं. ती बसली. मी दोरा काढून दिला, तिनं पिळला. दिवस कलेपर्यंत सगळे दोरे झाले. एकही सुटला नाही. उठताना तिनं कमरेवर हात ठेवला, बाहेर जाऊन हात धुतले आणि चुलीजवळ गेली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आली तेव्हा मी विचारलं, "घेतली का?"

"संपली. परत आली की माह्यासाठी ठेवतो म्हनले साहेब."

"बरं झालं. हात सुजला असता, काठ कोन पायला असता?"

हे मी बोललो. हे माझे शब्द.

त्या ताण्यावर तीन लुगडी उतरली. घडी घातली ते तिसरं. घडी झाल्यावर उजेड होता म्हणून मी लगेच चौथं सुरू केलं आणि वीतभर विणलं. दुसऱ्या सकाळी गिरजा भिंत धरून मागापाशी आली. तोंड लाल झालेलं, नाकातोंडाला पदर बांधलेला. बसली, बोट फिरवलं. नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. मग पेटीतून लाल दोरा काढून किनारीला बांधला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"बरोबर हाय," म्हणाली आणि जाऊन पडली.

मी विणत राहिलो. खरं ते सांगतो. ती तिकडे तापात कण्हत होती आणि माझे पाय मागाखालच्या खड्ड्यात चालू होते. ताप आहे, उतरेल. गल्लीत घरोघरी तेच होतं, लोक चार दिवसांत उठत होते. सखुबाई दाराबाहेरून काढा ठेवून जायची. चौथ्या दिवशी गिरजाचा श्वास मागाच्या आवाजावर ऐकू यायला लागला, तेव्हा मी उठलो. सायकलरिक्षा आणली.

दवाखान्यात तिला सगळे ओळखत होते. डॉक्टरसाहेब तोंडाला फडकं बांधून स्वतः आले. कापसाची काडी घशातून फिरवली. तिला उलटी येण्यासारखं झालं, पण तिनं मान हलवली नाही. काडी नळीत गेली तशी तिची नजर नळीमागं गेली.

"आता हे कोन पाईन साहेब? मी त इथं पडली."

"मी पाहीन, गिरजाबाई."

"दिवा मांगून धराजा. अन् अंडं जोरानं दाबू नोका." थांबून श्वास घेतला. "तुमी दाबता."

साहेब हो म्हणाले. माणूस मोठा, पण मान खाली घालून हो म्हणाला.

मला तिनं जवळ बोलावलं. मला वाटलं आता काही बोलेल, ताण्याच्या दिवसाचं. मी तयार होतो. शिवी दिली असती तर घेतली असती.

"किती झालं लुगडं?"

"दोन हात."

"पायलं का कोनी?"

"नाई."

"मी आली की पाईन," म्हणाली. सहाव्या दिवशी दुपारी गेली. उमरेडला दिलेली आमची पोरगी येईपर्यंत थांबलो, मग घाटावर नेलं.

नेण्याआधी व्हरांड्यात मी साहेबांना गाठलं. "त्या दिवशी थे सुई घेतली असती तर?"

त्यांनी तोंडावरचं फडकं सोडलं. "लॅबोरेटरीतल्या बाकीच्यांनी घेतली होती. त्यातले दोघे आजारी पडले, उठले. पण ती उठलीच असती असं मी म्हणू शकत नाही. लस घेऊनही माणूस जातो. मला माहीत नाही." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी ती आली का नाही? तीच सगळ्यांना सांगत फिरत होती, घ्या म्हणून."

"घरी काम होतं," मी म्हणालो.

कोणाचं काम, ते मी बोललो नाही. इतक्या वर्षांत पोरीलाही बोललो नाही. इथं पहिल्यांदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी झोपलेली होती. मी आंघोळ केली आणि मागाच्या कडेला बसलो, जिथं ती बसायची तिथं. काठावर बोट ठेवलं. लाल दोऱ्याच्या पुढं दहा-बारा दात बरोबर होते. मग एक आखूड. मग दोन लांब. पुढं तर एकाचा मेळ दुसऱ्याला नव्हता. ती तापात होती त्या दिवसांत मी असं विणलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी खड्ड्यात उतरलो. सगळ्यात वरचा आडवा दोरा सोडवला आणि ओढून काढला. मग त्याच्या खालचा.

आवाज ऐकून सखुबाई दारात आली. सुतकात आमच्यात माग बंद असतो, हात लावत नाहीत.

"अवो भाऊ, काहून असं करता? सुतक हाय ना गा! माग चालवून राहिले का तुमी?"

"चालवत नाई मावशी. उसवून राहिलो."

ती उंबरठ्यावर बसली. मी एकेक दोरा काढत गेलो. आखूड दात गेले, लांब गेले. ते दहा-बारा बरोबर दात आले, तेही ठेवले नाहीत. ते तिनं पाहिलेले नव्हते. ऊन अंगणातून आत आलं तेव्हा लाल दोऱ्यापाशी पोचलो.

तिथं थांबलो.